तान्ह्या बाळाची प्रवासातली झोप: रात्र सावरायची असेल तर दिवसाचं दूध सांभाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाळ पाच आठवड्यांचं आहे, पूर्ण दिवसांचं जन्मलंय, अंगावर पितंय आणि वजनही छान वाढतंय. पुढच्या आठवड्यात सहा तासांचा गाडीचा प्रवास, मग नातेवाइकांकडे नऊ दिवस मुक्काम आणि परतताना अडीच तासांचं विमान. घरी आत्ता कुठे ते रात्री सलग तीन तास झोपू लागलंय, ती सवय मोडेल का? गाडीत झोपलं तर झोपू द्यावं का? आणि तिथे पाळणा नाही, तर रात्री निजवायचं कुठे?

मी नवजात शिशुतज्ज्ञ आहे. गेली २२ वर्षं, आधी अतिदक्षता विभागात आणि मग ओपीडीत, तान्ही बाळं आणि त्यांचे जागरणानं थकलेले आईबाप रोज पाहते आहे. प्रवासाला निघण्याआधी येणारे पालक बहुतेक वेळा एकच विचारतात, बाळ रस्त्यात झोपेल ना? झोपेल. नको तितकं झोपेल, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

गाडीचा हेलकावा आणि इंजिनाचा एकसुरी आवाज यांपुढे या वयाच्या बाळाचं काही चालत नाही. एरवी दोन-अडीच तासांनी भुकेनं उठणारं बाळ गाडीत चार-चार तास डोळे उघडत नाही. आईबाप सुटकेचा श्वास टाकतात, ‘झोपलंय तोवर पुढे जाऊ या’ म्हणतात आणि थांबायचं राहून जातं. अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाला २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध लागतं. त्यातल्या दोन-तीन वेळा दिवसा हुकल्या की दुधाची ती थकबाकी बाळ रात्री वसूल करतं. नव्या घरात दर तासाला उठतं, आणि दोष मात्र त्या घराला लागतो.

काही वर्षांपूर्वी एका आईचा फोन आला होता. मुक्कामाची दुसरी रात्र, बाळ सहा आठवड्यांचं, तिच्या आवाजात रडू दाटलेलं. ‘याला इथली जागाच मानवत नाही, आम्ही परत येऊ का?’ मी तिला म्हटलं, काल सकाळी निघाल्यापासून रात्री पोचेपर्यंत किती वेळा पाजलंत ते आठवून सांगा. तिनं मोजलं. तीन वेळा. दुसऱ्या दिवशी घरात पाहुणे आल्यामुळे चार वेळा. त्यानंतर तिनं एवढंच केलं की दिवसा दर दोन-सव्वादोन तासांनी बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून निवांत पाजलं. तिसऱ्या रात्री बाळ पुन्हा तीन तास झोपलं. खोली तीच होती, पाळणाही तोच.

म्हणून गाडीतले थांबे बाळ उठेल त्यावर ठेवू नका, दुधाच्या वेळेवर ठेवा. साधारण दर दोन तासांनी थांबायचं. प्रत्येक वेळी बाळाला सीटमधून बाहेर काढायचं, पाजायचं, ढेकर काढायची, लंगोट बदलायचा आणि थोडा वेळ सपाट जागी उताणं निजवून हातपाय हलवू द्यायचे. यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. तुमचा सहा तासांचा प्रवास आठ तासांचा होईल, तो पहिल्यापासून आठ तासांचाच धरून चाला. अंतर फार वाटत असेल तर वाटेत एक रात्र मुक्काम करण्यात काहीही कमीपणा नाही.

झोपलेल्या बाळाला उठवायचं म्हणजे आईच्या जिवावर येतं, हे मला ठाऊक आहे. पण तान्ह्या बाळाच्या झोपेची घडण समजली तर ते सोपं होतं. या वयात झोपेचं एक चक्र साधारण ५० ते ६० मिनिटांचं असतं आणि त्यातली जवळजवळ निम्मी झोप ‘सक्रिय’ असते. पापण्या थरथरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, श्वास कमीजास्त होतो, हातपाय दचकतात. या वेळी बाळ सहज जागं होतं आणि नीट पितंही. उलट हात उचलून सोडला आणि तो कापडासारखा खाली पडला, तर झोप गाढ आहे. मग दहा-पंधरा मिनिटं थांबा, किंवा वरचं दुपटं सोडा, लंगोट बदला, तळव्यांवर बोट फिरवा.

आता कार सीटबद्दल, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. गाडीत बाळ सीटमध्येच हवं, पाठीमागच्या बाजूला तोंड करून, आणि शक्यतो गाडीच्या मागच्या बाकावर. समोर एअरबॅग चालू असेल तर पुढच्या बाकावर मागे तोंड करून सीट कधीही बसवायची नाही. आईची मांडी हा सीटला पर्याय नाही. अचानक ब्रेक लागला तर कुणाच्याही हातात तेवढं बळ नसतं. पण ही सीट अपघातापासून वाचवण्यासाठी बनवलेली आहे, निजण्यासाठी नाही. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं, मान धरलेली नसते आणि श्वासनलिका मऊ व अरुंद असते. अर्धवट बसलेल्या स्थितीत डोकं पुढे कललं, हनुवटी छातीला टेकली की ही नलिका दुमडते. यात बाळ रडत नाही, धडपडत नाही. आवाज होत नाही म्हणून तर भीती. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या ब्रिस्टल इथल्या संशोधकांनी नवजात बाळांना कार सीटमध्ये बसवून प्रवासासारखे हादरे देणाऱ्या यंत्रावर ३० मिनिटं पाहिलं, तेव्हा हृदयाचे ठोके आणि श्वासाचा वेग वाढलेला आणि रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरलेला दिसला. निरोगी बाळं हे सोसतात, त्यामुळे घाबरून प्रवासच रद्द करू नका. फक्त सलग वेळ कमी ठेवा.

गाडीत झोपलं तर झोपू द्या, पण एक मोठं माणूस मागे बाळाशेजारी हवं, हातात मोबाइल न घेता. त्यानं सतत बघत राहायचं: हनुवटी आणि छाती यांत अंतर आहे ना, चेहऱ्यावर कापड आलं नाही ना, ओठांचा रंग गुलाबी आहे ना. पट्टे अंगाला नीट लागलेले हवेत. जाड कपडे किंवा दुपट्यात गुंडाळलेलं बाळ पट्ट्यात बसवू नका, पांघरूण हवंच तर पट्टे लावून झाल्यावर कमरेपर्यंत. सीटसोबत न आलेल्या उशा, डोक्याभोवतीच्या मऊ कड्या नकोत, त्या मान आणखी पुढे ढकलतात.

सगळ्यात जास्त चूक होते ती पोचल्यावर. बाळ झोपलेलं असतं, सगळे दमलेले असतात, म्हणून सीट तशीच उचलून आत आणतात आणि सोफ्यावर ठेवतात. वर ‘आवळत असेल’ म्हणून पट्टे सैल करतात. सैल पट्ट्यांत बाळ खाली घसरतं आणि मान वाकते, किंवा पट्टा गळ्याशी येतो. इथे मी हात जोडून सांगते, पोचल्याबरोबर बाळाला बाहेर काढा. उठलं तर उठू द्या, तसंही ते भुकेलेलं असतं. ज्यांचं बाळ ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलंय त्यांनी तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावं. अशा बाळांना कार सीटमध्ये बसवून, ऑक्सिजन आणि ठोके मोजत तपासण्याची सोय काही रुग्णालयांत असते.

रात्री कुठे निजवायचं? सपाट, घट्ट, रिकामी आणि फक्त बाळाची अशी जागा, तुमच्या खोलीत, तुमच्या हाताच्या अंतरावर. बाळ उताणं. दिवसाच्या डुलकीलाही हाच नियम. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना उताणं निजवण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि त्यानंतर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. नवजात शास्त्रात इतक्या साध्या उपायानं इतकी बाळं वाचल्याची उदाहरणं फार थोडी आहेत, म्हणून मी त्यात तडजोड करत नाही. मुक्कामाच्या घरी कुणी ना कुणी म्हणेलच की उताणं निजवलं तर दूध घशात अडकेल, कुशीवर किंवा पालथं घाला. त्यांच्या मनात माया असते, तेव्हा वाद घालण्यापेक्षा समजावून सांगा. उताण्या स्थितीत श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध खालीच राहतं आणि बाळ ते गिळून टाकतं. पालथं घातलं की उलट होतं.

घडीचा प्रवासी पाळणा मिळाला तर उत्तम. तो निघण्याआधी दोन-तीन दिवस घरीच उघडून त्यात बाळाला दिवसा निजवून पाहा. त्याच्या तळाला असलेली गादी पातळ आणि कडक लागते, म्हणून बरेच जण वर दुसरी मऊ गादी घालतात. ती घालू नका. दुसऱ्या गादीमुळे कडेला फट राहते आणि बाळाचं तोंड त्या फटीत रुतू शकतं. कुणाकडून जुना लाकडी पाळणा मिळणार असेल तर दांड्यांमधलं अंतर पाहा, ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, आणि गादी व कडा यांत दोन बोटांहून मोठी फट नको. भोवतीच्या मऊ गाद्या, खेळणी, उशी सगळं काढून टाका.

पाळणा नाहीच मिळाला तर जमिनीवर एक घट्ट, सपाट गादी घाला, दाबली तर खड्डा न राहणारी. त्यावर एकच चादर, चारी बाजूंनी खाली खोचलेली. भिंत, पलंग, कपाट यांना चिकटवू नका, मधल्या फटीत बाळ जाऊ शकतं. पडद्यांच्या दोऱ्या, चार्जरच्या वायरी लांब. घरात रांगणारी मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर दार बंद, आणि तुम्ही त्याच खोलीत. मोठ्यांच्या पलंगावर मधोमध बाळ आणि भोवती उशांची तटबंदी ही व्यवस्था दिसायला सुरक्षित वाटते, पण मला सगळ्यात जास्त धास्ती तिचीच वाटते. बाळ पडू नये म्हणून लावलेली उशीच त्याच्या नाकापाशी सरकते.

आणि सोफा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०२२ मध्ये दिलेल्या शिफारशींत नमूद केलंय की सोफ्यावर किंवा मऊ खुर्चीत मोठ्या माणसाबरोबर झोपी गेलेल्या बाळाला धोका ६७ पटींपर्यंत वाढतो. प्रवासात हे घडायची शक्यता जास्त, कारण दिवसभराच्या दगदगीनंतर रात्री दोन वाजता पाजताना तुमचे डोळे मिटणारच. तेव्हा रात्रीचं पाजणं सोफ्यावर करू नका. डुलकी लागेल असं वाटत असेल तर उशा-पांघरुणं बाजूला सारलेल्या पलंगावर पाजा आणि जाग आली की लगेच बाळाला त्याच्या जागी ठेवा. पोचल्याच्या पहिल्या रात्री पाजल्यावर बाळाला ढेकर काढून त्याच्या जागी ठेवण्याचं काम बाळाच्या वडिलांनी घ्यावं. ‘मला उठव’ असं नुसतं म्हणू नका, बाळ पिताना शेजारी जागे बसा.

सवय मोडण्याच्या तुमच्या काळजीबद्दल. पाच आठवड्यांच्या बाळाला घड्याळाची सवय अजून लागलेलीच नसते. दिवस-रात्रीचं आतलं चक्र पोटात असताना आईच्या मेलाटोनिनवर, म्हणजे अंधारात तयार होणाऱ्या झोपेच्या संप्रेरकावर, चालतं, जन्मानंतर ते तुटतं आणि बाळाचं स्वतःचं चक्र साधारण दोन ते तीन महिन्यांत आकार घेतं. आत्ताची तीन तासांची सलग झोप ही लावलेली शिस्त नाही. पोटात मावणारं दूध आणि पक्व होत जाणारा मेंदू यांचं ते फळ आहे, आणि ते दोन्ही बाळाबरोबर प्रवासाला येतात. म्हणून तिथे वेळापत्रक पाळायला जाऊ नका, क्रम पाळा. घरी निजण्याआधी जे करता, पाजणं, लंगोट, दुपटं, मंद दिवा, एखादी गुणगुण, ते त्याच क्रमानं, मग वाजले आठ असोत की दहा. सकाळी उजेडात न्या, दिवसाच्या झोपा उजेडात आणि घरच्या आवाजात होऊ द्या. रात्री दिवा अगदी मंद, बोलणं जवळजवळ नाहीच. रात्रीच्या आईच्या दुधात मेलाटोनिन असतं, त्यामुळे काढून ठेवलेलं दूध नेणार असाल तर बाटलीवर वेळ लिहा आणि रात्रीचं रात्रीच द्या.

घरून एक गोष्ट मात्र आवर्जून न्या: बाळ आत्ता ज्यावर निजतं ती चादर, न धुतलेली. तान्ह्या बाळांचं नाक फार तल्लख असतं, पहिल्या आठवड्यातच ती आपल्या आईच्या दुधाचा वास ओळखतात. तोंडावर येईल असं काही नव्हे, अंथरायची चादर. तीन-चार रात्री तुम्ही ती स्वतःच्या अंगाखाली घेतलीत तर अधिक चांगलं.

आता नऊ दिवसांचा मुक्काम. इथे झोप बिघडवणारी दुसरी मोठी गोष्ट येते, ती म्हणजे माणसं. पाच-सहा आठवड्यांचं बाळ एका वेळी जेमतेम पाऊण ते एक तास जागं राहू शकतं, आणि त्यात पिण्याचा वेळही आला. या हातातून त्या हातात जात ते दोन तास जागं राहिलं की अतिथकवा येतो, आणि अतिथकलेलं बाळ झोपण्याऐवजी पेटून उठतं. रडण्याच्या आधी ते सांगत असतं. नजर फिरवतं, भुवयांभोवती लाली येते, मुठी आवळतं, हालचाली झटक्याझटक्यानं होतात, जांभई देतं. नजर फिरवली की बाळ आतल्या खोलीत गेलं पाहिजे. ‘याला पाजायचंय’ हे वाक्य वापरा, त्याला कुणी नाही म्हणत नाही आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी हे बोलावं, सगळा भार बाळंतिणीवर टाकू नये. बाळाला घेणाऱ्या प्रत्येकानं हात धुवावेत, सर्दी-खोकला असलेल्यानं लांबूनच पाहावं, तोंडाची पापी कुणीच घेऊ नये.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही स्वतःला दोष देणार नाही. निरोगी बाळांचं रडणं जन्मानंतर वाढत जातं आणि साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचतं, विशेषतः संध्याकाळी. तुमचा मुक्काम नेमका त्याच आठवड्यात आहे. संध्याकाळी सहा ते नऊ बाळ किरकिरलं, सारखं छातीशी येऊ पाहिलं, तर ते घरी राहिला असतात तरी झालं असतं. ते तीन तास कार्यक्रम ठेवू नका. खोली मंद करा, अंगाला अंग लावून घ्या, मागेल तितकं पाजा, चालत राहा. रडणं असह्य झालं तर बाळाला सुरक्षित जागी उताणं ठेवून पाच मिनिटं खोलीबाहेर जा, दुसऱ्याला हाक मारा. बाळाला कधीही गदगदा हलवायचं नाही, रागानं नाही आणि खेळातही नाही. मेंदूत रक्तस्राव होतो.

रात्रीच्या आवाजांबद्दलही बोलायला हवं. परक्या खोलीत बाळ तुमच्या उशाशी असतं, भोवती शांतता असते, आणि त्याचं कण्हणं, कुंथणं, फुरफुरणं घरच्यापेक्षा मोठं वाटतं. तुम्ही झटकन उचलता. बऱ्याचदा ती सक्रिय झोप असते आणि उचलल्यामुळेच बाळ उठतं. डोळे मिटलेले असतील आणि रडणं नसेल तर मिनिटभर थांबा. छातीवर तळहात हलकेच ठेवा, हळू ‘श्शू’ करा. बऱ्याच वेळा ते पुढच्या चक्रात शिरतं. श्वास पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू होणं या वयात नेहमीचं आहे. २० सेकंदांहून जास्त थांबला किंवा ओठ निळसर झाले तर ते नेहमीचं नाही, ताबडतोब रुग्णालय.

दुपट्यात गुंडाळायची सवय असेल तर तिथेही गुंडाळा, दचकून उठणं कमी होतं. छातीशी दोन बोटं जातील इतकं सैल, कमरेखाली पाय बेडकासारखे दुमडता येतील इतकी मोकळीक, आणि बाळ उताणंच. वळण्याची खूण दिसली की गुंडाळणं बंद. वजन भरलेली दुपटी विकत मिळतात, ती नकोत.

उष्णतेबाबत चूक दोन्ही बाजूंनी होते, पण जास्त करून पांघरुणाच्या बाजूनं. तुम्ही घातलंय त्यापेक्षा फार तर एक थर जास्त. हातपाय गार लागणं या वयात साहजिक आहे, त्यावरून ठरवू नका. मानेच्या मागे किंवा छातीवर हात घाला. घामट, तापलेलं लागलं तर एक थर काढा. घरात असताना टोपी काढा, बाळाच्या डोक्यातून बरीच उष्णता बाहेर जाते आणि ती जाऊ द्यावी लागते. ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर किंवा सीटवर पूर्ण कापड टाकू नका, आतली हवा कोंडून भराभर तापते. आणि थांबलेल्या गाडीत बाळाला क्षणभरही एकटं ठेवू नका.

एकसुरी आवाजाचं यंत्र किंवा मोबाइलवरचा पावसाचा आवाज उपयोगी पडतो, पण अंतर ठेवून. २०१४ मध्ये अशा यंत्रांची तपासणी झाली, तेव्हा पूर्ण मोठ्या आवाजात काही यंत्रं ८५ डेसिबलच्या पुढे गेली, आणि तो आवाज कारखान्यातल्या कामगारालाही तासन्‌तास घातक. यंत्र बाळापासून किमान २ मीटर दूर, आवाज कमीत कमी, आणि झोप लागली की बंद.

परतीचं विमान. तोपर्यंत बाळ सात आठवड्यांच्या जवळ आलेलं असेल, पूर्ण दिवसांचं आणि निरोगी आहे, त्यामुळे मला काळजी वाटत नाही. विमानातला हवेचा दाब साधारण २४०० मीटर उंचीवरच्या दाबापर्यंत उतरलेला असू शकतो, म्हणजे ऑक्सिजन थोडा विरळ. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा त्या आठवड्यात छाती भरलेल्या बाळासाठी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. वयाची अट आणि कागदपत्रं विमान कंपनीकडून आधी विचारून घ्या, प्रत्येकीचे नियम वेगळे. लांबच्या विमानांत पुढच्या भिंतीला टांगता येणारा छोटा पाळणा मिळतो, तो तिकीट काढतानाच मागावा लागतो, आणि हवा खराब झाली की बाळाला त्यातून उचलून घ्यावं लागतं. अडीच तासांसाठी त्याची गरज नाही.

कान दुखतात ते चढतानापेक्षा उतरताना जास्त. म्हणून उड्डाणाच्या वेळी पोटभर पाजून टाकू नका, थोडं राखून ठेवा. उतरायच्या अर्धा तास आधीपासून विमान खाली येऊ लागतं, तेव्हा छातीशी घ्या. गिळण्यानं कानाच्या नळ्या उघडतात. पीत नसेल तर चोखणी द्या. गाढ झोपलं असेल आणि चेहरा शांत असेल तर मुद्दाम उठवू नका, फक्त तयारीत राहा. केबिनची हवा फार कोरडी असते, त्यामुळे मागेल तेव्हा पाजा. पाणी द्यायचं नाही. मांडीवर बाळ असताना तुम्हाला झोप आली तर बाळ शेजारच्याकडे द्या, दोघांनी एकाच वेळी झोपायचं नाही.

विमानतळावर बाळाला छातीशी बांधून न्याल तर चेहरा दिसत राहिला पाहिजे, मान वाकवली की कपाळावर पापी घेता आली पाहिजे आणि हनुवटी छातीवरून सुटी असली पाहिजे. आडव्या झोळीत कापडाखाली गेलेलं बाळ मला पाहवत नाही.

कुणी सुचवेल, प्रवासाआधी सर्दीच्या औषधाचे दोन थेंब द्या, शांत झोपेल. कधीही नाही. झोप आणणारी ही औषधं तान्ह्या बाळाचा श्वास मंदावू शकतात, आणि काही बाळं उलट चेकाळतात. मधही नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून बोटुलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो.

घरी परतल्यावर दोन-तीन दिवस बाळ जास्त चिकटेल, रात्री एखादी फेरी वाढेल. पुन्हा तेच, दिवसा दूध भरपूर, उजेड भरपूर, रात्री काळोख. प्रवासात आणि नंतरही २४ तासांत किमान सहा लंगोट चांगले ओले होतात का ते मोजा, दूध पुरतंय की नाही याचं तेच सगळ्यात विश्वासू माप. थर्मामीटर हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त भरला, बाळ दोन वेळा ओळीनं प्यायला उठलंच नाही, अंग ढिलं पडलं, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, तर प्रवासाचा शीण समजून सकाळपर्यंत थांबू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला त्याच वेळी रुग्णालयात न्यावं लागतं. मुक्कामाच्या ठिकाणापासून सगळ्यात जवळ बालरोग विभाग कुठे आहे आणि रात्री तिथे कसं पोचायचं, हे निघण्याआधीच लिहून घ्या.